दारू सोडण्यासाठी मदतगट: पत्ता मिळाल्यानंतर काय करायचं

दारू सोडायची ठरवलेल्या माणसाच्या हातात मदतगटाचा पत्ता ठेवला की आपलं काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात, घरचे मोबाइलवर पाठवतात आणि पत्ता तिथेच पडून राहतो. 1981 साली याच मुद्द्यावर अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला होता. माणसं अवघी 20. त्यातल्या 10 जणांना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या मदतगटाची, म्हणजे ए.ए.ची, माहिती, वेळ, जागा असं सगळं नीट सांगितलं. उरलेल्या 10 जणांना समुपदेशकाने समोरच बसवून एका जुन्या सभासदाला फोन लावून दिला. त्या सभासदाने दोन शब्द बोलून ‘मीटिंगला मी सोबत येतो’ असं सांगितलं. पहिल्या दहांतला एकही मीटिंगला गेला नाही. दुसऱ्या दहांतले सगळे गेले.

अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही त्यात नवल वाटणार नाही. मदतगट म्हणजे हॉल, वेळ आणि भाषणं एवढंच धरून चाललात तर तो फारसा उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतात ती तिथली दोन-चार माणसं, आणि ती भेटतात मुख्यतः मीटिंगच्या आधीच्या दहा मिनिटांत आणि नंतरच्या वीस मिनिटांत. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचा.

त्याआधी एक काम मात्र डॉक्टरांकडेच उरकायचं. रोज आणि भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर जो त्रास होतो, ज्याला व्यसनमुक्ती केंद्रांत ‘टर्की’ म्हणतात, तो हात थरथरण्यावर थांबेलच असं नाही. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 12 तासांत कापरं, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. फिट यायचीच असेल तर बहुतेक वेळा पहिल्या 48 तासांत येते. 48 ते 96 तासांच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, दिवस की रात्र ते कळत नाही, ताप चढतो, नाडी धावते. हे जिवावर बेतू शकतं आणि त्याची जागा हॉस्पिटल आहे, मीटिंगची खुर्ची नव्हे. सकाळी हात स्थिर व्हायला घोट लागत असेल, पूर्वी कधी फिट आली असेल, मागच्या वेळी सोडताना भास झाले असतील, तर स्वतःच्या हिमतीवर बंद करू नका. ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ हा युक्तिवादही फसवा आहे, कारण सोडणं आणि पुन्हा सुरू करणं असं वारंवार झालं की पुढचा विथड्रॉवल, म्हणजे हाच सोडतानाचा त्रास, आधीच्यापेक्षा जड जाण्याकडे कल असतो.

डॉक्टरांना खरं माप सांगा. ‘थोडी घेतो’ यावरून औषधाचा डोस ठरत नाही. किती मिली, किती वाजल्यापासून, शेवटची कधी, एवढं सांगितलं की पुरे. सलाइन लावायची वेळ आली तर पिण्याचा इतिहास आवर्जून सांगा, कारण जास्त पिणाऱ्यांत बी-1 जीवनसत्त्वाची, थायमिनची, कमतरता असते आणि ते भरून न काढता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. चाल अडखळणं, डोळे नीट न फिरणं, गोंधळलेपण, ही त्याची लक्षणं नशेसारखीच दिसतात, म्हणून दुर्लक्षित राहतात.

आता गट. सगळ्यात पसरलेला आणि सगळ्यात सहज सापडणारा ए.ए.चा. 10 जून 1935 हा त्याचा स्थापना दिवस मानतात. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ नावाचे सर्जन, दोघेही मद्यपी, एकमेकांशी बोलत राहून दारूपासून लांब राहू शकले, तिथून ही सुरुवात झाली. फी नाही, नोंदणी नाही, सभासदत्वाची अट एकच: पिणं थांबवण्याची इच्छा. अट ‘न पिणारा’ असण्याची नाही हे ध्यानात घ्या. आज सकाळी घेतलेला माणूसही सभासद होऊ शकतो. बारा पायऱ्या (दारूपासून लांब राहण्यासाठी एकेक करत जायचे बारा टप्पे), स्पॉन्सर (हात धरून नेणारा जुना सभासद), ईश्वराचा उल्लेख, ‘फक्त आजचा दिवस’ हे सगळं याच घरातलं.

ईश्वराच्या उल्लेखावर पुष्कळ जण अडतात, म्हणून दुसरे पर्यायही माहीत असू द्या. स्मार्ट रिकव्हरी 1994 पासून या नावाने चालते. तिथे अध्यात्म नाही. विचार, ओढ आणि सवयी यांच्यावर काम करायची ठरलेली साधनं आहेत. मीटिंग प्रशिक्षित संचालक चालवतो, लोक एकमेकांच्या बोलण्यावर प्रश्न विचारतात, सुचवतात. त्यांचं एक साधन घरबसल्याही वापरून बघण्याजोगं आहे. कागदाचे चार भाग करायचे: पिण्याचे फायदे, पिण्याचे तोटे, न पिण्याचे फायदे, न पिण्याचे तोटे. पहिला आणि चौथा चौकोन लोक रिकामा सोडतात आणि तिथेच चुकतात. दारूतून जे खरोखर मिळत होतं, झोप, धिटाई, भांडण विसरणं, ते लिहिलंच नाही तर त्याच्या जागी काय आणायचं हे कसं कळणार? लाइफरिंग हाही धर्मनिरपेक्ष गट. तिथे ‘तुमचा आठवडा कसा गेला?’ या प्रश्नाभोवती गप्पा होतात. विमेन फॉर सोब्रायटी 1975 पासून फक्त स्त्रियांसाठी आहे. ए.ए.मध्येही केवळ स्त्रियांच्या मीटिंगा असतात. मिश्र गटात अवघडल्यासारखं वाटत असेल तर सुरुवात तिथून करण्यात काही वावगं नाही.

यातला ‘चांगला’ कोणता? 2020 साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा एक आढावा आला, 27 अभ्यास आणि 10,565 माणसं धरून. त्यात बारा पायऱ्यांकडे पद्धतशीरपणे वळवण्याच्या उपचारानंतर वर्षभराने पूर्ण न पिणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 42 टक्के निघालं. इतर मानसोपचारांनंतर ते सुमारे 35 टक्के होतं. यातला ‘पद्धतशीरपणे वळवण्याच्या’ हा भाग महत्त्वाचा आहे. नुसतं ‘ए.ए.ला जा’ म्हणणं त्यात मोजलेलं नाही. आमचं मत विचाराल तर ज्या गटाला तुम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा जाल तो चांगला. तत्त्वज्ञान जुळतं पण गाठायला दोन तास लागतात, असा गट तीन आठवड्यांत सुटतो.

शोधायचं कसं, तर ए.ए.च्या संकेतस्थळावर देश आणि शहर निवडून स्थानिक कार्यालयाचा क्रमांक मिळतो, आणि त्यांचं मीटिंग गाइड नावाचं मोफत अ‍ॅपही आहे. सगळ्या ठिकाणच्या मीटिंगा त्यात नसतात, तेव्हा दिसल्या नाहीत म्हणजे नाहीतच असं धरू नका. यादीत वेळ आणि जागेच्या पुढे प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा. ‘बंद’ मीटिंग म्हणजे ज्यांना स्वतःला दारूचा प्रश्न आहे किंवा असावा असं वाटतं त्यांच्यासाठीच. ‘खुली’ म्हणजे घरचे, मित्र, विद्यार्थी कुणीही येऊन बसू शकतं. नवशिक्यांची, पायऱ्यांच्या अभ्यासाची, पुस्तकवाचनाची, वक्त्याची असेही प्रकार असतात. पहिल्यांदा जाताना नवशिक्यांची किंवा वक्त्याची निवडा. वक्त्याच्या मीटिंगमध्ये एकच माणूस वीस-तीस मिनिटं आपली कहाणी सांगतो आणि बाकीच्यांना तोंड उघडावं लागत नाही. पायऱ्यांच्या अभ्यासाला पहिल्याच दिवशी गेलात तर चौथ्या पायरीवरची, म्हणजे स्वतःच्या गुणदोषांचा हिशोब मांडण्यावरची, चर्चा कानावर पडेल आणि आपण भलत्याच वर्गात शिरलो असं वाटेल.

याद्या शिळ्या असतात. हॉल बदलतो, वार बदलतो, सुटीच्या दिवशी इमारत बंद असते. मोठ्या हिमतीने पोचलेला माणूस कुलूप बघून परत फिरला तर तो पुन्हा महिनोन् महिने येत नाही. म्हणून फोन करा. फोनवर स्वतःची कथा सांगायची गरज नाही. एवढंच पुरे: ‘मी पहिल्यांदाच येणार आहे. मीटिंग ठरल्या वेळी आहे ना? कोणत्या दाराने आत यायचं? खुली आहे की बंद? आणि दहा मिनिटं आधी मला कुणी दाराशी भेटेल का?’ शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, आणि तोच सगळ्यात मोलाचा आहे. उचलणारा बहुधा स्वयंसेवक असतो, तो स्वतः कधीतरी असाच पहिल्यांदा आलेला असतो. फोन उचलला गेला नाही तर निरोप ठेवून थांबू नका, यादीतला दुसरा क्रमांक लावा.

ऑनलाइन मीटिंगा आता दिवसरात्र, जगभर कुठे ना कुठे चालू असतात. रात्री अडीच वाजता ओढ उठली तर त्यांच्यासारखी सोय नाही. पण आत शिरण्याआधी पडद्यावरचं नाव तपासा. ऑफिसच्या खात्यातून गेलात तर पूर्ण नाव आणि कधी कधी कंपनीचं नावही सगळ्यांना दिसतं. पहिलं नाव किंवा आद्याक्षर ठेवा, फोटो काढून टाका, इअरफोन लावा. कॅमेरा बंद ठेवला तर बहुतेक ठिकाणी चालतं, काही गट मात्र निदान सुरुवातीला चेहरा दाखवायला सांगतात, कारण खोडसाळ लोक घुसतात. ऑनलाइन मीटिंगचा मोठा दोष असा की ‘लीव्ह’चं बटण दाबलं की खोली रिकामी. नंतरची वीस मिनिटं तिथे आपोआप मिळत नाहीत, ती मागून घ्यावी लागतात. मीटिंग संपल्यावर काही जण थांबतात का, हे चॅटमध्ये आधीच विचारून ठेवा.

प्रत्यक्ष गेलात तर काय दिसेल? बहुधा एखाद्या शाळेचा, प्रार्थनास्थळाचा किंवा दवाखान्याचा भाड्याने घेतलेला खोलीवजा हॉल, भिंतीवर पायऱ्या आणि परंपरांचे (गटाने पाळायच्या तत्त्वांचे) तक्ते, गोलात किंवा रांगांत खुर्च्या. लवकर आलात तर खुर्च्या मांडायला हात लावा. हात कामात असले की बोलायला विषय शोधावा लागत नाही, आणि शेजारी खुर्ची उघडणारा माणूस आपणहून नाव विचारतो. ठरल्या वेळेला एकजण सूत्रं हाती घेतो. प्रस्तावना वाचली जाते. मग ‘आज कुणी पहिल्यांदा आलं आहे का?’ असा प्रश्न येतो. हात वर करणं सक्तीचं नाही, पण केलात तर मीटिंग संपल्यावर लोक तुमच्याकडे येतात. नाही केलात तर तुम्ही जुनेच असाल असं समजून येत नाहीत. इतका साधा हिशोब आहे.

मग वाचन, एखादा विषय आणि शेअरिंग. प्रत्येकाला साधारण तीन ते पाच मिनिटं. मोठ्या गटात कुणीतरी मोबाइलवर वेळ लावून बसलेलं असतं आणि बेल वाजली की वाक्य पुरं करून थांबायचं. ‘मी अमुक, एक मद्यपी’ अशी सुरुवात ऐकू येते. स्वतःला तसं म्हणायची तयारी नसेल तर ‘मी अमुक, आज फक्त ऐकायला आलो आहे’ असं म्हणा, किंवा नुसतं ‘पास’. कुणी वाईट मानत नाही. ए.ए.मध्ये एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याने उत्तर देणं, सल्ला देणं टाळतात. नवख्याला हे विचित्र वाटतं: आपण काळीज मोकळं केलं आणि समोरून नुसतं ‘थँक यू’. पण त्यामुळेच माणूस वादाची तयारी न करता बोलू शकतो. सल्ला हवा असेल तर तो मीटिंगनंतर, खुर्च्या उचलताना.

मध्येच एक थैली किंवा टोपली फिरते. जागेचं भाडं आणि पुस्तिका यांचा खर्च त्यातून निघतो. गट बाहेरच्यांकडून देणग्या घेत नाहीत. पहिल्या दिवशी काही टाकू नका, टोपली पुढे सरकवा. काही ठिकाणी दिवस मोजण्याची नाणी देतात, पहिलं नाणं 24 तासांचं किंवा ‘आजपासून सुरुवात’ म्हणून. शेवटी उभं राहून प्रार्थना होते. म्हणायची नसेल तर गप्प उभं राहिलं तरी चालतं. सगळं मिळून एक ते दीड तास.

पिऊन गेलं तर चालेल का, हा प्रश्न लोक विचारत नाहीत, मनात ठेवतात आणि घरी बसतात. गोंधळ घालत नसाल तर बहुतेक गट बसू देतात, बोलू नका एवढंच सांगतात. मात्र गाडी चालवत जाऊ नका.

आता मीटिंग संपली. इथे नवखा माणूस ठरलेली चूक करतो: प्रार्थना संपता संपता दाराबाहेर. लाज, घाई, ‘उशीर होतोय’. थांबा. निदान दोघांचे फोन नंबर घ्या, आणि ते घेताना मोबाइलमध्ये ओळख पटेल असं काही लिहा, ‘बुधवार गट, चष्मा’ असं. नुसतं पहिलं नाव लिहिलं तर पंधरा दिवसांनी तो कोण हे आठवत नाही, आणि न आठवणाऱ्या माणसाला कुणी अडीअडचणीला फोन करत नाही. त्यातल्या एकाला दुसऱ्याच दिवशी फोन करा, काही काम नसताना. ‘काल भेटलो होतो, सहज केला’ एवढं बोलून ठेवलं तरी चालेल. ओढ उठलेली असताना पहिल्यांदा फोन करणं जवळजवळ अशक्य असतं. जीभ जड होते, आणि त्या क्षणी डोक्यातला एक भाग फोन लागू नये म्हणूनच धडपडत असतो. सवय आधी झालेली हवी.

ओढ सहसा चढते, टोकाला जाते आणि उतरते, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. फोनवर त्या अर्ध्या तासाइतकंच साधायचं असतं. आयुष्यभर न पिण्याची शपथ कुणी मागत नाही. बोलायला सुचत नसेल तर चार गोष्टी तपासून सांगा: भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटं वाटतंय का, थकवा आहे का. त्यातली एक तरी बहुतेक वेळा सापडते आणि तिच्यावर उपाय दारूपेक्षा सोपा असतो.

एका मीटिंगवरून गटाचा निकाल लावू नका. गटांचे स्वभाव फार वेगळे असतात. एकात नुसते ज्येष्ठ, दुसऱ्यात तरुण; एकात हशा, दुसऱ्यात पाठांतर. निदान तीन वेगवेगळे गट बघा आणि त्यातल्या बऱ्या वाटलेल्या एकात सलग सहा वेळा जा. सहा यासाठी की पहिल्या दोन वेळा तुम्ही फक्त तुलना करत असता. कुणी नोकरी घालवल्याचं सांगतो, कुणी यकृत गेल्याचं, आणि मनात येतं, ‘माझं एवढं झालेलं नाही, मी इथला नाही.’ पहिल्या महिन्यात माणसं सुटण्याचं हे बहुधा सगळ्यात मोठं कारण. समोरच्याच्या नुकसानीकडे न पाहता त्याच्या विचारांकडे कान द्या: लपवणं, पुढच्या पेगची बेरीज-वजाबाकी, ‘फक्त शनिवारी’ असले नियम आणि त्यांना काढलेल्या पळवाटा. ते ओळखीचं निघालं तर जागा बरोबर आहे.

90 दिवसांत 90 मीटिंगा असं ऐकाल. ही रूढी आहे, पायऱ्यांत ती कुठे नाही. ज्याची संध्याकाळ पिण्याच्या वेळेभोवती बांधलेली होती त्याला तिचा फायदा होतो, कारण नेमकी तीच वेळ भरून निघते. लहान मुलं किंवा पाळीची नोकरी असलेल्याला ती झेपत नाही, आणि आठव्या दिवशी चुकल्यावर ‘आता काय, मोडलंच’ म्हणून सगळं सोडलं जातं. आठवड्याला तीन ठरलेल्या आणि न चुकता, हे त्यापेक्षा बरं.

स्पॉन्सर म्हणजे पायऱ्या करून पुढे गेलेला सभासद, जो तुमच्याकडून त्या करून घेतो. तो डॉक्टर नाही, वकील नाही, सावकार तर नाहीच. निवडताना निदान एक वर्ष न प्यालेला, स्वतःचा स्पॉन्सर असलेला, आणि ज्याच्याविषयी आकर्षण वाटण्याची शक्यता नाही असा बघा. म्हणूनच पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने स्त्रीला विचारावं असा सर्वसाधारण संकेत आहे. मीटिंगमध्ये छान बोलतो हा निकष कच्चा आहे. ‘तुम्ही चौथी पायरी कशी केली?’ असं विचारून बघा. ज्याने केली आहे तो वही, वेळ, अडचण असं काहीतरी ठोस सांगतो. सुरुवातीला ‘तात्पुरता स्पॉन्सर व्हाल का?’ असंच विचारावं. नाही जमलं तर दोघांनाही मोकळं होता येतं.

गटात सगळे संत नसतात. नव्या, हळव्या माणसाशी लगट करणाऱ्यांसाठी सभासदच ‘तेरावी पायरी’ असा टोमणा वापरतात, यावरून काय ते समजा. पहिल्या काही महिन्यांत कुणी एकटं भेटायचा आग्रह धरला, उसने मागितले, धंद्याची स्कीम सांगितली तर नाही म्हणा आणि गटातल्या दुसऱ्या जुन्या सभासदाला सांगा. गुप्ततेचंही तसंच. ‘इथे ऐकलं ते इथेच ठेवा’ हे वचन आहे, कायदा नाही. डॉक्टरला पेशंटची माहिती जपायला जे बंधन असतं ते शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला नसतं. भावना सांगा, लाज सांगा. पोलिसांत जाऊ शकेल असा तपशील, किंवा दुसऱ्या कुणाचं नाव गुंतणारी गोष्ट, डॉक्टर किंवा वकिलाकडे.

औषधांविषयी सगळ्यात घातक सल्ले गटातच मिळतात. ‘गोळ्या म्हणजे पण व्यसनच’ असं छातीठोकपणे सांगणारा एखादा भेटतोच. ए.ए.ची स्वतःची भूमिका स्पष्ट आहे: कोणत्याही सभासदाने डॉक्टरकी करू नये. नैराश्याची, फिटची, मनोविकाराची औषधं अशा सल्ल्यावरून बंद करू नका. ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, ती घेत मीटिंगला जाणारे अनेक आहेत. डायसल्फिराम या गोळीची गोष्ट निराळी. ती घेतल्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लाल, छाती धडधडणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं होतं, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. खोकल्याच्या काही औषधांतलं आणि माउथवॉशमधलं अल्कोहोलही त्याला पुरतं. म्हणून घरच्यांनी ती न सांगता खाण्यात मिसळणं हा जिवाशी खेळ आहे. घेणाऱ्याला माहीत नसेल तर तो पिणारच.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा मदतगट आहे, 1951 पासून, आणि किशोरवयीन मुलांसाठी त्याचीच अलाटीन. पिणारा मीटिंगला जायला तयार नसला तरी घरच्यांनी तिथे जायला कुणाची परवानगी लागत नाही. पिणारा जायला लागला असेल तर दारापर्यंत सोडा आणि फिरा. तिथे काय बोललास, कोण कोण होतं, असं विचारू नका. ‘पुढची कधी आहे?’ एवढंच विचारावं.

घसरण झाली, ज्याला गटात ‘स्लिप’ म्हणतात, तर पहिल्यांदा पाहायचं ते शरीर. एक संध्याकाळ असेल तर दुसऱ्या दिवशी मीटिंग. सलग काही दिवस झाले असतील तर पुन्हा विथड्रॉवलचा धोका उभा राहतो, तेव्हा आधी डॉक्टर. काही महिने न प्यालेल्याचं शरीर पूर्वीचं माप पेलत नाही, हेही विसरू नका. जुन्या हिशोबाने घेतलेली बाटली जास्त होते. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर मीटिंगची वाट पाहू नका, जवळच्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा किंवा कुणाला तरी तिकडे न्यायला सांगा.

परत गेल्यावर काय म्हणायचं याची भीती अनेकांना आठवडेच्या आठवडे लांब ठेवते. तिथे ‘मी परत आलो आहे’ हे वाक्य सतत ऐकू येतं, त्यामुळे कुणी भुवई उंचावत नाही. दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. त्याचा राग येत असेल तर मोजू नका, नाणं घेऊ नका, पण शेअरिंगमध्ये एक गोष्ट नक्की सांगा: पहिला घोट घेण्याआधीच्या दोन दिवसांत काय काय घडलं. कोणती मीटिंग बुडाली, कोणाचा फोन टाळला, खिशात पैसे कसे आले. या तपशिलातूनच गटातल्या कुणाला तरी तुमच्याशी नेमकं काय बोलायचं ते कळतं. आणि मीटिंग संपल्यावर त्याच्याकडे जाऊन पुढच्या आठवड्यात फोन करायचा वार आणि वेळ ठरवून घ्या.